ज्योतीचा ताप मोजायचा कसा?

मुलांनो, अंग गरम लागलं की आई काखेत थर्मामीटर लावते. पण मेणबत्तीच्या ज्योतीचा 'ताप' मोजायचा झाला तर? सहावीच्या वर्गात एका मुलीनं मला हाच प्रश्न विचारला.

"बाई, थर्मामीटरच धरू की ज्योतीत!" मागून एकजण ओरडला. छे! पारा ३५७ अंश सेल्सिअसलाच उकळतो आणि ज्योत तर हजार अंशांच्याही वर जाते. बरं, धातूची तार धरावी तर ती ज्योतीतली उष्णता ओढून घेते आणि ज्योतही हलते. म्हणजे मोजायला गेलो नि मोजायची वस्तूच बदलली!

तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "आमचे बाबा लोखंडाचा रंग बघून सांगतात, अजून भाता मारायचा की घण घालायचा ते."

शाब्बास! लोहाराच्या लेकीनं बरोबर ओळखलं. लोखंड साधारण ८०० अंशांना लाल दिसतं, १००० अंशांच्या आसपास नारिंगी, आणखी तापलं की पिवळं. ज्योतीचा पिवळा रंगही तसाच. तिच्यात काजळीचे अगदी बारीक कण तापून चमकत असतात.

आता कॅमेऱ्याची गंमत पाहा. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यासाठी कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे नोंदवतो. काजळी जास्त तापली की लालाच्या मानानं हिरव्याचा वाटा वाढतो. म्हणून शास्त्रज्ञ दोन रंगांचं गुणोत्तर काढतात. हो, तुमच्या गणितातलंच गुणोत्तर! काजळी दुप्पट असली तर दोन्ही आकडे साधारण दुप्पट होतात, पण गुणोत्तर तेच राहतं. त्यावरून तापमान काढण्याचं सूत्र जर्मनीच्या माक्स प्लांक यांनी १९०० साली मांडलं.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. फोटोत ज्योत पांढरीफटक आली, तर आकडे २५५ वरच अडकतात आणि गुणोत्तर खोटं येतं. शिवाय मोबाइल फोटो छान दिसावा म्हणून रंग आपणहून बदलतो. त्यामुळे तापमान ठाऊक असलेल्या दिव्याचा फोटो आधी काढून कॅमेरा पारखून घ्यावा लागतो.

मी ऐटीत सांगून टाकलं, "लक्षात ठेवा, निळं म्हणजे जास्त तापलेलं!"

"मग मेणबत्तीच्या बुडाशी निळं दिसतं, तिथं ज्योत सगळ्यात गरम का?" पुन्हा तीच मुलगी.

मी गप्प. घरी जाऊन पुस्तकं चाळली. ताऱ्यांना माझा नियम चालतो, ज्योतीला नाही! बुडाचा निळा रंग तापलेल्या काजळीचा नसतोच. जळताना वायूच्या रेणूंचे तुकडे होतात, त्यांचा तो उजेड. तिथं गुणोत्तराची युक्ती फसते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, 'काल बाई चुकल्या.' आणि खाली ते का, हेही लिहिलं.

आज घरी मोठ्यांना सोबत घेऊन मेणबत्ती लावा. हात न लावता नुसती नीट बघा. किती रंग दिसतात? त्यातला काजळीचा कुठला, ते सांगा पाहू!