बिअरच्या चवीतलं गाव

1838 साली बोहेमियातल्या प्लझेन शहरात टाऊन हॉलसमोर 36 पिंपं बिअर ओतून देण्यात आली. ती नासली होती, आणि असं वारंवार घडू लागलं होतं. बिअर बनवण्याचा हक्क असलेल्या नागरिकांनी अखेर एकत्र येऊन नवी ब्रुअरी बांधली आणि बवेरियातून योसेफ ग्रोल या तरुण ब्रुअरला बोलावून घेतलं. 5 ऑक्टोबर 1842 रोजी त्याने पहिला घाणा लावला. नोव्हेंबरात लोकांच्या हाती आली ती स्वच्छ सोनेरी, वर पांढरा फेस असलेली बिअर. काळपट-तपकिरी बिअर पिणाऱ्या त्या शहराला हे रूप नवीन होतं. आज भारतासकट जगभर खपणाऱ्या बहुतेक फिक्या लागर बिअर याच 'पिल्सनर'च्या वंशातल्या.

ग्रोल हुशार होताच, पण निम्मं काम प्लझेनने केलं. तिथलं पाणी अतिशय मृदू, क्षार नावापुरते. त्यामुळे कडवटपणा जिभेला बोचत नाही. जवळच्या झाटेत्स भागात हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी सुगंधी फुलं, पिकतात. दगडात खोदलेली तळघरं बाराही महिने गार. बार्लीला मोड आणून ती इंग्रजी पद्धतीने गरम हवेवर हलकेच वाळवली, की धूर आणि करपटपणा न लागता फिकट माल्ट मिळतं. या सगळ्याला जोड मिळाली बवेरियन यीस्टची.

हे यीस्ट थंडीत, सावकाश काम करतं आणि शेवटी तळाशी बसतं. मग बिअर आठवडेच्या आठवडे गारव्यात मुरवायची, हीच लागर. 'एल' प्रकाराचं यीस्ट उबेत, झपाट्याने काम करतं आणि फळांसारखे वास मागे ठेवतं. बवेरियात 1553 साली उन्हाळ्यात बिअर बनवायलाच बंदी आली. उन्हाळ्यातली बिअर नासते, एवढाच अनुभव त्यामागे होता. यीस्ट म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्या बंदीमुळे थंडी मानवणारं यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकलं, फोफावलं. त्याची शुद्ध पैदास करणं 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन यांना जमलं.

पाणी बदललं की बिअरही बदलते. इंग्लंडमधल्या बर्टनच्या विहिरींत जिप्सम भरपूर. त्याने हॉप्सचा कडवटपणा धारदार होतो. 1820च्या दशकापासून तिथली पेल एल जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला येऊ लागली आणि पुढे 'इंडिया पेल एल' (आयपीए) नावाने गाजली. समुद्रप्रवासात टिकावी म्हणून ही बिअर मुद्दाम शोधून काढली, ही गोष्ट सर्रास सांगितली जाते, पण ती खरी धरू नये. गोऱ्या सैनिकांसाठी काळी पोर्टर बिअरही त्याच वाटेने भरपूर येत होती, आणि धड पोचत होती.

मात्र गाव खऱ्या अर्थाने बिअरमध्ये उतरतं ते ब्रसेल्स आणि पश्चिमेकडच्या पायोटनलंडमध्ये. तिथल्या लँबिक बिअरमध्ये यीस्ट घालतच नाहीत. विरजण न लावता दूध दह्यासाठी ठेवावं, तसला हा प्रकार. बार्लीच्या माल्टसोबत साधारण एक तृतीयांश कच्चा गहू घेतात. हॉप्स मुद्दाम जुने, कडवटपणा गेलेले वापरतात. ते केवळ बिअर टिकवण्यासाठी. काही तास उकळलेला हा गोड काढा छपराखालच्या उथळ, पसरट तांब्याच्या टाकीत ओततात आणि झडपा उघड्या ठेवतात. रात्रभर वाफ निघत राहते, थंड हवा आत येते, आणि तिच्याबरोबर रानटी यीस्ट आणि जिवाणूही. सकाळी सगळं लाकडी पिंपांत जातं. या पिंपांच्या लाकडातही जुने सूक्ष्मजीव मुरलेले असतातच.

पिंपात एकामागून एक सूक्ष्मजीवांची पाळी येते: साखर खाणारं नेहमीचं यीस्ट, आंबटपणा आणणारे जिवाणू, मग महिनोन्‌महिने चालणारं ब्रेटॅनोमायसिस हे रानटी यीस्ट. लिंबासारखी आंबट, वाळल्या गवताच्या वासाची ही बिअर पहिल्या घोटाला परकी वाटते, पण तिच्याइतकी खोल चव दुसऱ्या बिअरला क्वचितच असते. एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेल्या लँबिक एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवली, की फसफसणारी 'गझ' तयार होते. कोणतं पिंप किती घ्यायचं, हे ब्रुअर जिभेवरच ठरवतो. आंबट चेरी घातली की 'क्रीक'. अँडरलेख्टमधल्या 1900 साली सुरू झालेल्या कांतियाँ ब्रुअरीत कोळ्यांची जाळी झाडत नाहीत, कारण पिंपांभोवती घोंगावणाऱ्या माश्या हे कोळी खातात.

आता पाण्यातले क्षार काढता-घालता येतात, सुकवलेलं यीस्ट पाकिटात मिळतं. म्हणूनच 2009 साली पुण्यात डूलॅलीने मायक्रोब्रुअरी सुरू केली आणि त्यानंतर इथल्या ब्रुअरना जर्मन गव्हाच्या बिअरपासून आयपीएपर्यंत सारं बनवता आलं. लँबिकला ही सोय नाही. तिला ऑक्टोबर ते एप्रिलमधल्या गार रात्रीच लागतात, कारण उबदार हवेत नको ते जिवाणू वाढतात. अशा रात्री कमी होत चालल्या आहेत; 2015च्या नोव्हेंबरात हवा इतकी उबदार राहिली, की कांतियाँला ऐन हंगामात उत्पादन थांबवावं लागलं.