‘खळखळ’ची ‘खयखय’ का होते?

जपानी भाषेची थोडीफार ओळख झालेल्या वाचकांमध्ये असा समज आढळतो की, निसर्गातील आवाज आणि मनातील भाव ध्वनीतूनच उभे करणारा शब्दसंग्रह ही जपानीची खास मिरास आहे आणि भारतीय भाषांत तिच्या तोडीचे काही नाही. जपानीत असे शब्द विपुल आहेत, हे खरेच. प्रत्यक्ष आवाजाचे अनुकरण करणाऱ्या शब्दांना तेथे ‘गिओंगो’ म्हणतात, तर ज्या स्थितीत आवाजच नसतो तिचे चित्र ध्वनीतून रेखाटणाऱ्या शब्दांना ‘गिताइगो’. धो धो पावसाचा ‘झाझा’ पहिल्या वर्गातला आणि लुकलुकण्याचा ‘किराकिरा’ दुसऱ्यातला. पण हे दोन्ही वर्ग मराठीतही भरलेले आहेत. ‘कडकडाट’ कानाला ऐकू येतो, ‘लखलखाट’ डोळ्यांना दिसतो, ‘घमघमाट’ नाकाला कळतो आणि ‘शुकशुकाट’ तर आवाज नसल्याचेच नाव आहे. शालेय व्याकरणात अभ्यस्त शब्दांचा पोटप्रकार म्हणून ‘अनुकरणवाचक’ ही संज्ञा शिकवली जाते. ती आवाजापुरती घेतली तर यातले निम्मे वैभव तिच्या कक्षेबाहेर राहते.

याहून खोल रुजलेला गैरसमज असा की, हे शब्द म्हणजे आवाजाची निव्वळ नक्कल, बालबोली किंवा गावठी बोलणे असून त्यांना खऱ्या शब्दांचा दर्जा नाही. याची कसोटी बुलढाणा जिल्ह्यातील वऱ्हाडी बोलीत सापडते. या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून ‘शाळा’ची ‘शाया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ होतो. त्याच नियमाने ‘खळखळ’ची ‘खयखय’ आणि पोटातल्या ‘मळमळ’ची ‘मयमय’ होते. पैनगंगेच्या पाण्याचा आवाज पुण्याच्या माणसासाठी एक आणि मेहकरच्या माणसासाठी दुसरा नसतो. शब्द निव्वळ नक्कल असता, तर तो पाण्याला धरून राहिला असता. प्रत्यक्षात तो बोलीच्या उच्चारनियमांना धरून राहतो, आणि इतर शब्दांचेही तसेच असते.

हे शब्द संस्कृतातून घसरत आले, ही समजूतही टिकत नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ एम. बी. एमेनो यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की, द्विरुक्त अनुकरणवाचक शब्दांची घडण भारतीय आर्य आणि द्राविड भाषांना समाईक आहे, आणि वेदांत तुरळक असलेले असे शब्द पुढच्या काळात वाढत गेलेले दिसतात. संथाळीसारख्या मुंडा भाषांतही अशा शब्दांची रेलचेल आहे. एकमेकींशी नाते नसलेल्या भाषांचा असा शेजार बुलढाणा जिल्ह्यातच पाहायला मिळतो: सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात, वऱ्हाडी आणि मुंडा कुळातील कोरकू यांच्यालगत निहाली बोलली जाते, जिचे कोणत्याही भाषाकुळाशी नाते सिद्ध झालेले नाही.

नेमकेपणाच्या बाबतीत मराठीने कुणापुढे संकोच करण्याचे कारण नाही. जपानीत लहान वस्तू ‘कोरोकोरो’ घरंगळते आणि मोठी ‘गोरोगोरो’; मराठीत केवळ स्वर बदलताच नव्या वहाणेची ‘करकर’, पापडाची ‘कुरकुर’ आणि तापलेल्या मुलाची ‘किरकिर’ वेगळी होते, तर घोष आणि महाप्राण, म्हणजे कंठाचा नाद आणि श्वासाचा जोर, मिळताच छातीची ‘घरघर’ ऐकू येते. जखम ‘ठणकते’ की ‘चुरचुरते’, एवढ्यावरून आत काय चालले आहे याचा अंदाज डॉक्टरला बांधता येतो. तुरीची शेंग वाळली, की आतला दाणा सुटा होऊन ‘खुळखुळ’ वाजतो. त्याच आवाजावरून मुलांचे खेळणे ‘खुळखुळा’ झाले आणि वाळलेल्या शेंगा वाजणाऱ्या एका रानवनस्पतीलाही तेच नाव मिळाले. तिचे शास्त्रीय नाव ‘क्रोटालॅरिया’ हेही टाळीसारख्या वाजवायच्या वाद्याच्या ग्रीक नावावरूनच आले आहे.