विश्लेषण : चाळीतली खोली रिकामी करताना जुन्या सामानाचे करायचे काय?

करी रोड, लालबाग, परळ पट्ट्यातील जुन्या चाळी पुनर्विकासासाठी एकामागून एक रिकाम्या होत आहेत. खोली सोडायची तारीख जवळ आली की गाद्या, पलंग, बंद पडलेले टीव्ही आणि माळ्यावरची अडगळ चाळीच्या आवारात येऊन पडते. यातले बरेचसे सामान मुळात कचरा नसतेच. मग ते कचरा का होते आणि ते कसे टाळता येईल?

प्रश्न किती मोठा आहे?

ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींचेच उदाहरण घेऊ. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे २०७ चाळी बांधल्या. त्यापैकी ३२ ना. म. जोशी मार्गावर होत्या. एका चाळीत ८० खोल्या, म्हणजे एकूण २,५६० खोल्या. प्रत्येक खोली साधारण १६० चौरस फुटांची आणि बहुतेक ठिकाणी वर सामानाने गच्च भरलेला माळा. तीन पिढ्यांचा संसार जागेअभावी उभा रचलेला असतो. तो खाली उतरला की त्याचा आवाका कळतो.

पुनर्विकासात सामान एकदा नव्हे, दोनदा हलते. आधी भाड्याच्या घरात किंवा संक्रमण शिबिरात आणि मग नव्या इमारतीत. वरळीत १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नव्या घरात बरेच जण नवे फर्निचर करतात. म्हणजे भाड्याच्या घरी जपून नेलेले जुने कपाट दुसऱ्या फेरीत टाकले जाते. टेम्पोचा खर्च आणि इंधन दोन्ही वाया.

चाळीत जुन्या वस्तूंची व्यवस्था नव्हती का?

होती, आणि चांगली होती. जुने कपडे बोहारणीकडे जात आणि बदल्यात स्टीलचे भांडे मिळे. वर्तमानपत्रे रद्दीवाल्याकडे, तांब्याचा बंब आणि पितळी पिंप मोडीत. कापसाची गादी पिंजाऱ्याकडून पिंजून पुन्हा भरली जाई. शेजारच्या खोलीत नवा संसार मांडला जात असेल तर स्टोव्ह, मांडणी तिकडे जाई. या साखळीत फेकण्यासारखे फार थोडे उरत असे.

ही व्यवस्था चालते ती सामान थोडे थोडे निघते तेव्हा. पुनर्विकासात एकाच आठवड्यात ८० घरे रिकामी होतात. भंगारवाला पत्रा, लोखंड आणि तांबे उचलतो; फोमची गादी, भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे कपाट, काच आणि गणपतीच्या मखराचे थर्माकोल तिथेच राहते. घाईत सगळे एका ढिगात पडते, एखादी सर येते आणि कालपर्यंत वापरता येणारी गादी आज कुणाच्याच कामाची राहत नाही. सामान कचरा होते ते या मिसळण्यामुळे.

मिसळलेला ढीग घातक का?

वीस-पंचवीस वर्षांहून जुन्या फ्रिजमध्ये सीएफसी-१२ हा वायू असू शकतो. तो ओझोनच्या थराला घातक आहेच, शिवाय तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत वातावरण सुमारे दहा हजार पट अधिक तापवतो. कॉम्प्रेसरमधल्या तांब्यासाठी नळी कापली की तो निसटतो. जुन्या पाठमोठ्या टीव्हीच्या काचेत शिसे असते, ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा. वायरमधील तांबे मिळवण्यासाठी प्लास्टिक जाळले की विषारी धूर निघतो.

हे नुकसान प्रथम सोसतात ते ढीग हाताने उपसणारे कामगार आणि कचरावेचक महिला. फुटलेली ट्यूब आणि कालबाह्य औषधांच्या बाटल्या त्यांच्याच हाताला लागतात. गॅलरीवरच्या सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. ते हातोड्याने फोडल्यास तंतू श्वासातून फुप्फुसात जातात. म्हणून असे पत्रे ओले करून, न फोडता, सलग उतरवायला हवेत.

लाकूड तर जळून जाते, त्यात काय?

तेच अडचणीचे आहे. मुंबईतील अनेक बेकऱ्यांच्या भट्ट्यांत वर्षानुवर्षे भंगारातले लाकूड जळत आले आहे. जुन्या फर्निचरवर रंग आणि पॉलिश असते, प्लायवूडमध्ये रासायनिक डिंक असतो. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरील भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणण्याचे निर्देश दिले, ते शहराच्या बिघडलेल्या हवेची दखल घेऊनच.

सागवानी पलंग, शिसवी खुर्ची, जुनी दारे यांना मात्र आजही गिऱ्हाईक आहे. चोर बाजारात किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात ती विकली जातात. अट एकच, ती मोडण्याआधी विकायला हवीत. पलंग सुटा करताना स्क्रू आणि बिजागऱ्या पिशवीत भरून त्यालाच बांधल्या तर त्याला पलंगाचा भाव येतो. नाही तर जळाऊ लाकडाचा.

राडारोड्याचे काय?

मोरीचा ओटा, फरशा, विटा हा राडारोडा घरच्या कचऱ्यात टाकायचा नसतो. १९२७ पासून वापरात असलेल्या देवनार कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये मोठी आग लागली. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने कचऱ्याच्या प्रश्नावरून मुंबईतील नव्या बांधकामांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये ती सशर्त शिथिल केली, आणि राडारोड्याची सुरक्षित विल्हेवाट ही त्यातली महत्त्वाची अट होती. राडारोड्याचे नियोजन नसेल तर पुनर्विकासच अडतो, हा त्यातला धडा.

राडारोड्यावर प्रक्रिया करणारे महापालिकेचे दोन प्रकल्प आहेत, एक दहिसरच्या कोकणीपाड्यात आणि दुसरा शीळफाट्याजवळ डायघर येथे. प्रत्येकाची क्षमता रोज ६०० टन. घरगुती राडारोडा उचलण्यासाठी पालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे; तिची चौकशी विभाग कार्यालयात करता येते. स्वस्तात गोणी उचलणारा टेम्पोवाला त्या खाडीकाठी, तिवरांत रिकाम्या करणार नाही याची खात्री कुणी देत नाही.

कायदा काय सांगतो?

१ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या उपकरणांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यासाठी उपकरण नोंदणीकृत प्रक्रिया केंद्रापर्यंत पोहोचावे लागते, आणि ते कुणाच्या हाती द्यायचे हे घरातच ठरते. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत. इन्व्हर्टरची बॅटरी दुकानदाराला परत दिल्यास बहुधा पैसेही मिळतात. रंगाचे डबे, ट्यूब, औषधे, सुया हा घातक घरगुती कचरा वेगळा ठेवण्याची सक्ती २०१६ च्या घनकचरा नियमांतच आली. उघड्यावर कचरा जाळल्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवली.

घर हलवताना काय करावे?

० महिनाभर आधी : माळा प्रथम उतरवावा. सोबत न्यायचे, कुणाला द्यायचे, विकायचे आणि घातक असे चार वाटे करावेत. नव्या घरात न मावणारी किंवा नको असणारी वस्तू पहिल्याच फेरीत काढावी.

० रद्दी देण्यापूर्वी : जुन्या भाडेपावत्या, वीजबिले, शिधापत्रिका बाजूला काढाव्यात. पात्रतेच्या वादात हेच कागद लागतात. जुना मोबाइल किंवा संगणक देताना त्यातील माहिती पुसावी.

० पंधरा दिवस आधी : लाकडी सामान आणि चालू उपकरणे विकावीत. कपडे धुऊन, जोड्या लावून द्यावेत.

० बांधाबांध : बबल-रॅपऐवजी चादरी, जुन्या साड्या, गोणपाट वापरावे. भांडी पिंपात आणि ट्रंकेत भरावीत. पॅकिंग कंपनी नेमल्यास खोकी परत नेणार का, हे आधीच ठरवावे.

० टेम्पो : शेजारच्या दोन घरांचे सामान एकाच दिशेला जाणार असेल तर एकच मोठा टेम्पो करावा. प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाल्यापासून करी रोड पुलावर वाहतुकीचा ताण वाढला आहे. तिथे कमी झालेली प्रत्येक फेरी पैसे, वेळ आणि धूर वाचवते.

एकट्या कुटुंबाला हे जमेल का?

अर्धेच जमेल. एका बंद टीव्हीसाठी नोंदणीकृत केंद्राची गाडी येणे अवघड, ऐंशी घरांचे टीव्ही-फ्रिज एकत्र असतील तर ती येऊ शकते. म्हणून चाळ समितीने किंवा गृहनिर्माण संस्थेने घरे सोडण्याच्या तारखेआधीच संकलनाचे वार ठरवावेत : एका रविवारी ई-कचरा, पुढच्या रविवारी फर्निचर आणि कपडे, शेवटी घातक कचरा आणि राडारोडा. कचरावेचक महिलांसोबत काम करणाऱ्या स्त्री मुक्ती संघटनेसारख्या संस्थेशी बोलून ठेवल्यास सामान योग्य हाती जाते आणि त्या महिलांना वेगळा केलेला माल मिळतो. विकासकाशी बोलणी होतात तेव्हा भाडे, कॉर्पस आणि चटईक्षेत्र यांची चर्चा तासन्‌तास चालते. जुन्या सामानासाठी आवारात एक झाकलेली जागा आणि त्याच्या वाहतुकीचा खर्च, एवढे एक कलम त्याच यादीत घालता येईल. घरे रिकामी झाल्यावर ते मागायला कुणी उरत नाही.