खटाखटीतले ठोके

मामांच्या छातीवरचे पांढरे केस तंत्रज्ञ मुलाने रेझरने काढायला घेतले आणि मामा पहिल्यांदाच अस्वस्थ झाले. महिन्याभरात दोनदा घेरी येऊन पडले, तेव्हा झाले नव्हते. "भाची समोर बसलीय रे बेटा," ते पुटपुटले. मी खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर बुऱ्हाणपूरचं मे अखेरचं ऊन, नवतपा सुरू.

केस निघाल्यावर त्याने स्पिरिटच्या बोळ्याने कातडी पुसली आणि मग गॉजने लाल होईपर्यंत घासली. एवढं कशाला, असं मी विचारलं. हृदयाची वीज कातडीपर्यंत येते तेव्हा ती एक मिलिव्होल्टच्या आसपास असते, तो म्हणाला. टॉर्चमधला साधा सेल दीड व्होल्टचा, म्हणजे त्याच्या हजारपट आणि वर. एवढीशी वीज घाम, तेल आणि मेलेल्या कातडीतून वाट काढणार, तर वाट साफ नको का? जेल लावलेल्या चकत्या त्याने मांसल भागावर न चिकटवता हाडावर चिकटवल्या. स्नायू हलला की त्याचीही वीज उमटते, आणि मग हृदय कुठलं नि दंड कुठला हे कळेनासं होतं. प्रत्येक वायरीला एक वळसा देऊन तो वळसाही चिकटपट्टीने बसवला. वायर ओढली गेली तर ताण वळशावर यावा, चकतीवर येऊ नये. काडेपेटीपेक्षा जरा मोठं यंत्र पिशवीत घालून गळ्यात अडकवलं. मामांना होल्टर लागलं.

हे नाव नॉर्मन होल्टर या अमेरिकी शास्त्रज्ञाचं. 1947 साली त्याने पाठीवर सुमारे 38 किलोचं ओझं घेऊन चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओलहरींनी पाठवला. पाठीवरचं ते धूड खिशात मावेल इतकं होऊन त्याचा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला तो 1961 साली. त्याचा मुद्दा साधा होता. माणूस पलंगावर निपचित पडून जगत नाही, मग त्याचं हृदय फक्त तसंच का तपासायचं?

मामांचे दोन ईसीजी आधी झाले होते आणि दोन्ही स्वच्छ आले. नेहमीचा ईसीजी साधारण दहा सेकंदांचा. हृदय दिवसभरात लाखभर ठोके देतं, त्यातले दहा-बारा कागदावर येतात. घेरी आली तर येते मामांच्या लूमच्या शेडमध्ये, आणि ईसीजी निघतो दवाखान्यातल्या पंख्याखाली. दोघांची गाठ पडणार कशी?

निघताना त्या मुलाने दोन गोष्टी बजावल्या. चोवीस तास आंघोळ नाही; आणि या वहीत सगळं लिहायचं. जिना चढलात, जेवलात, झोपलात, छातीत धडधडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, सगळं वेळेसकट. "आणि घरी पडून राहू नका बाबूजी. रोजचं काम करा." मामांना हवं होतं तेच मिळालं. वही त्यांनी माझ्याकडे दिली आणि आम्ही शेडवर आलो.

बुऱ्हाणपुरात लूमचा आवाज काही गल्ल्यांमध्ये कानांनी नव्हे, तळपायांनी ऐकू येतो. मामांच्या शेडमध्ये आठ लूम आहेत. धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटतो, जमीन थरथरते. मी बाकावर वही घेऊन बसले. धागा तुटला की लूम थांबवायचा, छाती पुढच्या दांडीला टेकवून वाकायचं, टोकं शोधून गाठ मारायची. एकाहत्तराव्या वर्षीही मामांची बोटं ते न बघता करतात. घामाने एक चकती सुटू लागली, ती मी वरून पट्टी लावून दाबली. भिंतीवरच्या घड्याळात बघून मी लिहीत गेले. 11.20, धागा जोडला. 1.05, जेवण. 4.40, मामा स्टुलावरून उठले, डोळ्यांपुढे अंधारी, खांब धरला, लगेच बरं.

नातवाचं स्मार्टवॉचही त्यांच्या मनगटावर होतं. 4.40 ला त्यात काही विशेष दिसलं नाही. असं घड्याळ हिरवा उजेड टाकून मनगटातल्या रक्ताची ये-जा मोजतं आणि सरासरी दाखवतं. सरासरीत एखादी खोट बुडून जाते. तरी घड्याळाला मी निरुपयोगी म्हणणार नाही. ॲपलच्या घड्याळावर झालेल्या अभ्यासात 4 लाख 19 हजारांवर लोक होते. ज्यांना अनियमित नाडीची सूचना गेली, त्यांतल्या 450 जणांनी ईसीजीची पट्टी छातीवर वापरून परत पाठवली आणि त्यांच्यापैकी 34 टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित पडण्याचा विकार, सापडला. हा विकार येतो-जातो, म्हणून उरलेले सगळे निरोगी असंही नाही. घड्याळ शंका काढतं, निवाडा छातीवरच्या चकत्या करतात. आणि हार्ट अटॅक घड्याळाला ओळखता येत नाही. छाती भरून आली तर मनगटाकडे बघत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा कॉम्प्युटरवर नोंद उघडून बसला, मी शेजारी. सॉफ्टवेअरने ठोक्यांचे ढीग लावले होते: नेहमीचे, वेगळे, गडबडीचे. 11 च्या पुढे एके ठिकाणी लाल खूण, गती दोनशेच्या वर. माझ्या पोटात गोळा आला. त्याने चित्र मोठं केलं आणि पेनाच्या टोकाने दाखवत गेला. त्या सगळ्या थरथरीच्या आतून नेहमीचे ठोके आपल्या अंतराने शांतपणे चालले होते. "इथे काय करत होते?" मी वही उघडली. धागा जोडत होते, छाती दांडीला, शेजारचे सात लूम चालू. तो लूमचा धक्का होता, हृदयाचा नव्हता. दात घासतानाही अशीच फसवी चित्रं उमटतात, म्हणाला.

मग आम्ही 4.40 वर गेलो. काहीच नाही. मामा ठामपणे म्हणाले, "आली होती अंधारी." तेव्हा मला आठवलं, शेडमधलं घड्याळ पुढे असतं, कामगार वेळेत यावेत म्हणून मामांनीच ते सात मिनिटं पुढे ठेवलंय. तो 4.33 वर सरकला. एक ठोका, आणि मग सपाट रेष. 4.1 सेकंद. मग पुढचा ठोका.

पडद्यावर ती रेष बोटभरच होती. मामा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "एवढ्यात धोटा चार-पाचशे वेळा जातो," ते म्हणाले आणि लगेच स्वतःच हिशेब सुधारला, "नाही, आठ-दहा वेळा."

जागेपणी एवढा खंड आणि त्याच क्षणी अंधारी, हे दोन्ही जुळलं म्हणून हृदयतज्ज्ञांचा निर्णय सोपा झाला. पुढच्या आठवड्यात मामांना पेसमेकर बसला.

तुमच्या घरात कुणाला होल्टर लागलं, तर वहीला दोरीने पेन्सिल बांधून द्या. आणि दवाखान्यातून निघण्याआधी घरातलं घड्याळ त्या यंत्राच्या वेळेशी जुळवायचं विसरू नका.