मुलींची सायकल आणि चार किलोमीटरची शर्यत

सायकल शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर घाट, डांबरी रस्ता आणि दुतर्फा उभी असलेली गर्दी येते. ट्रॅक सायकलिंग हा याहून अगदी वेगळा प्रकार आहे. येथे लाकडी फळ्यांची लंबवर्तुळाकार धावपट्टी असते. एक फेरी २५० मीटरची. वळणावर ही धावपट्टी सुमारे ४२ अंशांपर्यंत तिरपी होते. सायकलला ब्रेक नसतो, गिअर बदलता येत नाही आणि मागच्या चाकाला फ्रीव्हीलही नसते. म्हणजे चाक फिरते आहे तोवर पायडल फिरतच राहते. पायांना क्षणाचीही उसंत नाही. या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२४ मध्ये डेन्मार्कमधील बॅलेरुप येथे आणि २०२५ मध्ये चिलीची राजधानी सँटियागो येथे झाली. पुरुषांच्या ११ आणि स्त्रियांच्या ११ अशा एकूण २२ शर्यती तिच्यात असतात.

आरोग्याच्या सदरात हा खेळाचा विषय कशासाठी, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे. दरवर्षी जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. आई मुलीला बाहेर बसवते आणि हळू आवाजात विचारते, "डॉक्टर, हिची पाळी सुरू झाली. आता सायकल बंद करावी का?" या प्रश्नाचे उत्तर ट्रॅक सायकलिंगच्या इतिहासात फार चांगले सापडते.

नियम कसे बदलत गेले?

या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा १८९३ साली अमेरिकेत शिकागो येथे झाली. त्याच दशकात युरोप-अमेरिकेतील काही डॉक्टर मंडळी स्त्रियांना सायकलपासून दूर राहण्याचा सल्ला देत होती. सायकल चालवल्याने चेहरा कायमचा ताणलेला व ओढलेला दिसू लागतो, असा एक 'सायकल-चेहऱ्याचा रोग'सुद्धा त्यांनी शोधून काढला होता! असा कोणताही रोग नाही. परंतु अशा समजुतींचा पगडा मोठा असतो. जागतिक ट्रॅक स्पर्धेत स्त्रियांना प्रवेश मिळाला तो थेट १९५८ साली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ट्रॅक शर्यती १८९६ पासून होत्या; स्त्रियांची पहिली ट्रॅक शर्यत १९८८ साली सोल येथे झाली.

प्रवेश मिळाला तरी अंतर कमीच राहिले. 'पर्सूट' म्हणजे पाठलागाच्या वैयक्तिक शर्यतीत पुरुषांना ४ किलोमीटर, स्त्रियांना ३. वेळेविरुद्धच्या शर्यतीत पुरुषांना १ किलोमीटर, स्त्रियांना ५०० मीटर. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही सांघिक पाठलागात पुरुषांचे चार जण ४ किलोमीटर धावले, तर स्त्रियांच्या तिघी ३ किलोमीटर. पुढे ही दरी भरत गेली. सांघिक पाठलागात २०१४ च्या जागतिक स्पर्धेपासून स्त्रियांसाठीही चौघी आणि ४ किलोमीटर असा नियम झाला. सांघिक स्प्रिंटमध्ये २०२१ पासून दोघींऐवजी तिघी आल्या. आणि २०२५ पासून वैयक्तिक पाठलाग ४ किलोमीटरचा व वेळेविरुद्धची शर्यत १ किलोमीटरची, दोघांनाही सारखीच झाली.

शरीर इंधन कसे वापरते?

आता शरीरशास्त्राकडे वळू. आपल्या स्नायूंचे काम चुलीसारखे चालते. चूल पेटवताना आधी कापूर, मग वाळलेल्या काटक्या आणि नंतर लाकडाचा ओंडका लागतो. स्नायूंमध्येही अशी तीन इंधने आहेत.

पहिले इंधन म्हणजे स्नायूंत तयार साठवलेली ऊर्जा. हा कापूर. भडका मोठा, पण जेमतेम आठ-दहा सेकंदांचा. स्प्रिंट शर्यतीत शेवटचे २०० मीटर अंतर जगातील उत्तम पुरुष खेळाडू नऊ सेकंदांच्या आसपास कापतात, तेव्हा मुख्यत्वे हेच इंधन खर्च होते.

दुसरे इंधन म्हणजे स्नायूंतील साखर, जी पुरेशा प्राणवायूवाचून घाईघाईने जाळली जाते. या काटक्या. यात स्नायूंतील आम्लता वाढते, मांड्या पेटल्यासारख्या होतात. १ किलोमीटरची शर्यत साधारण एका मिनिटाची असते. तिच्यात ही आग सर्वांत जास्त जाणवते.

तिसरे इंधन म्हणजे प्राणवायूच्या साहाय्याने संथपणे जळणारी साखर व चरबी. हा ओंडका. दोन मिनिटांच्या पुढे चालणाऱ्या कोणत्याही श्रमात याचाच वाटा मोठा असतो. ४ किलोमीटरचा पाठलाग चार मिनिटांच्या आसपास चालतो. म्हणजे येथे हृदय, फुप्फुसे आणि रक्तातील हिमोग्लोबिन यांची परीक्षा होते.

ही तिन्ही इंधने स्त्री आणि पुरुष दोघांच्याही शरीरात असतात. फरक आहे तो प्रमाणाचा. पुरुषांत सरासरीने स्नायूंचे वजन अधिक, हृदयाचा आकार मोठा आणि हिमोग्लोबिन जास्त असते. त्यामुळे त्यांचा वेग जास्त असतो. पण वेग कमी म्हणजे सहनशक्ती कमी, असा अर्थ काढणे चूक आहे. तीन मिनिटांहून अधिक काळ पूर्ण ताकदीने पायडल मारणारी स्त्री आणखी एक किलोमीटर गेल्याने तिला इजा होईल, याला वैद्यकशास्त्रात कधीच आधार नव्हता. २०२४ साली बॅलेरुप येथे वैयक्तिक पाठलागाचे विजेतेपद मिळवणारी ब्रिटनची ॲना मॉरिस ही स्वतः वैद्यकीय पदवीधर आहे, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

आपल्या घरातील समजुती

शिकागोच्या काळातील त्या समजुती आपण हसण्यावारी नेऊ; परंतु आपल्याकडे आजही काय ऐकू येते? सायकलने गर्भाशय सरकते, पाळी बिघडते, पुढे मूल होण्यास अडचण येते. यांपैकी एकही गोष्ट खरी नाही. गर्भाशय ओटीपोटात हाडांच्या पोकळीत, स्नायू व बंधांच्या आधाराने सुरक्षित असते. पाळीच्या दिवसांतही सायकल चालवण्यास हरकत नाही. उलट हालचालीने अनेकींच्या पोटातील कळा कमी होतात. फार त्रास होत असेल तर विश्रांती घ्यावी, इतकेच.

आणखी एक भीती आया बोलून दाखवत नाहीत, पण ती मनात असते. कौमार्यपटल फाटेल ही ती भीती. हा पडदा लवचिक असतो, प्रत्येकीत त्याचा आकार वेगळा असतो आणि त्यावरून मुलीच्या चारित्र्याविषयी काहीही सांगता येत नाही. कोणताही डॉक्टर ते सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली अशा तपासण्या बंद कराव्यात असे स्पष्ट आवाहन केले. या भीतीपोटी मुलीची सायकल काढून घेणे म्हणजे अनेकदा तिची शाळाच काढून घेणे होय. गावापासून पाच किलोमीटरवर हायस्कूल असेल तर सायकल हेच तिचे वाहन असते.

खरा अडथळा कोणता?

खरा अडथळा रक्तात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. १५ ते १९ वर्षांच्या मुलींत हे प्रमाण ५९ टक्के होते. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंपर्यंत प्राणवायू कमी, आणि ओंडका मग जळणार कसा? मुलगी सायकलवर धापा टाकते, जिना चढताना बसते, अभ्यासात तिचे लक्ष लागत नाही. दोष सायकलला दिला जातो.

म्हणून सायकल बंद करण्याऐवजी पुढील गोष्टी कराव्यात.

मुलीचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. १२ पेक्षा कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार सुरू करावेत. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी तिने जेवणानंतर नियमित घ्यावी. जंताचे औषधही चुकवू नये.

आहारात पालेभाज्या, मोड आलेल्या उसळी, डाळी, तीळ, आणि खात असल्यास अंडी, मासे व मटण असावे. जेवणात लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. चहा मात्र जेवणाला लागून देऊ नये.

घरातील मुलगी सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले खाते असे होऊ देऊ नये. खूप श्रम आणि अपुरे अन्न असेल तर पाळी थांबू शकते, हाडे कमजोर होतात. हे मोठ्या खेळाडूंतही दिसते. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

सायकलची सीट योग्य उंचीवर असावी. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात, फार वर असेल तर कंबर. सीट सपाट असावी. तिचे टोक वर उचललेले असेल तर नाजूक भागाला रग लागते व मुंग्या येतात. नवीन सायकल घेताना मुलीला स्वतः बसवून पाहावे.

भारताने २०१९ साली जर्मनीत ज्युनिअर गटाच्या जागतिक ट्रॅक स्पर्धेत सांघिक स्प्रिंटचे सुवर्णपदक जिंकले, ते मुलांनी. आपल्या महाराष्ट्राच्या मयूरी लुटे आणि शशिकला आगाशे यांनीही आंतरराष्ट्रीय ट्रॅकवर भारताचे प्रतिनिधित्व केले आहे. आपली प्रत्येक मुलगी तेथवर जाईल असे नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. तिने रोज शाळेत सायकलने जावे, धाप न लागता पोहोचावे आणि परत आल्यावर भावाच्या बरोबरीने पोटभर जेवावे. एवढे घडले तरी तिचे हृदय, हाडे आणि रक्त यांना जन्मभराचा लाभ होईल. तेव्हा आयांनो, सायकल चालू राहू द्या. तपासणी मात्र या महिन्यातच करून घ्या.