लोहगावची धावपट्टी

पुण्याहून दिल्लीला निघालेलं प्रवासी विमान ज्या धावपट्टीवरून उडतं, ती हवाई दलाची आहे. कुठलं विमान आधी उठेल, कुठलं आकाशात घिरट्या घालत थांबेल, हे मनोऱ्यात बसलेले हवाई दलाचे नियंत्रक ठरवतात. फोटो काढू नका, ही विमानातली सूचनाही त्यामुळेच. पुणेकर ज्याला विमानतळ म्हणतात तो लढाऊ विमानांचा तळ आहे, आणि नागरी वाहतूक तिथे पाहुणी आहे.

१९३९ साली मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी ब्रिटिशांनी लोहगावला हा तळ उभारला. घाटमाथ्यामागचं सपाट माळरान त्यांना सोयीचं वाटलं. महायुद्धात इथे स्पिटफायर, मॉस्किटो, वेलिंग्टन अशी विमानं होती. पण त्याच्या तीनशे वर्षं आधीपासून महाराष्ट्र लोहगावला ओळखत होता तो तुकोबांचं आजोळ म्हणून. देहूहून तुकोबा इथे कीर्तनाला येत. त्यांच्या चौदा टाळकऱ्यांतले शिवबा कासार इथलेच.

स्वातंत्र्यानंतर कॅनबेरा बॉम्बर अनेक वर्षं इथे राहिले. १९८७ मध्ये मिग-२९ आली, १९९७ मध्ये पहिली सुखोई-३०, आणि सप्टेंबर २००२ मध्ये तिची सुधारलेली एमकेआय आवृत्ती. तिच्यासाठी वीस क्रमांकाची ‘लायटनिंग्ज’ ही स्क्वाड्रन निवडली गेली. पुढे हीच विमानं नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये तयार होऊ लागली. ८ जून २००६ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम लोहगावहून सुखोईतून उडाले. २५ नोव्हेंबर २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील उडाल्या, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जी-सूट चढवून, वैमानिकाच्या मागच्या आसनावर बसून. जळगावच्या या लेकीचं ते छायाचित्र मला आजही महाराष्ट्राच्या प्रत्येक शाळेत लावावंसं वाटतं.

छायाचित्रात वैमानिक दिसतो. तळ चालतो तो मात्र न दिसणाऱ्या माणसांवर. जेट इंजिन पुढची हवा प्रचंड जोरानं आत ओढतं. धावपट्टीवर पडलेला एखादा खडा किंवा सुटलेला नट त्या हवेबरोबर आत गेला, तर गरगरणारी पाती मोडतात आणि कोट्यवधींचं इंजिन निकामी होतं. म्हणून झाडणाऱ्या गाड्या फिरतातच, शिवाय माणसं ओळीनं, खाली नजर लावून चालतात आणि जे दिसेल ते उचलतात. तंत्रज्ञाच्या पेटीतला प्रत्येक पाना काम संपल्यावर मोजला जातो. एक जरी कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत विमान उडत नाही. सुखोई उतरल्यावर वेग आवरण्यासाठी शेपटीकडून छत्री उघडते. ती गळून पडली की पळत जाऊन उचलायची, नीट घडी घालून पुन्हा भरायची. मागून कुणाचं तरी प्रवासी विमान उतरायच्या बेतात असतं, त्यामुळे रेंगाळायला वेळ नसतो. या कामाचं कौतुक फारसं कुणी छापत नाही. मला ते शौर्याच्या बरोबरीचं वाटतं.

भिंतीआड एक गावच आहे. क्वार्टर्स, केंद्रीय विद्यालय, कँटीन, दवाखाना, मेस. मल्याळी, बिहारी, हरयाणवी कुटुंबं शेजारी राहतात, काही वर्षांत पोस्टिंग येतं आणि सामान पुन्हा ट्रंकांत जातं. मुलांच्या शाळा बदलतात, भाषा बदलते. नवरा रात्रपाळीला फ्लाइट लाइनवर असला की शेजारीणच घरची होते. निवृत्तीनंतर यातले अनेकजण गावी न परतता धानोरी, टिंगरेनगर, विश्रांतवाडीत घर घेतात. आयुष्यभर बदल्या झेललेल्या माणसाला पुण्याची हवा आणि ओळखीचा गडगडाट पुरतो.

भिंतीबाहेरचं लोहगाव आता शहर झालं आहे. आफ्टरबर्नर लावून सुखोई उठली की शाळेतल्या बाईंना वाक्य अर्ध्यावर थांबवावं लागतं. घर बांधायचं तर उंचीसाठी ना-हरकत प्रमाणपत्र आणावं लागतं. ज्यांच्या वडिलोपार्जित जमिनी तळालगत आहेत त्यांची ही अडचण खरी आहे, ती देशप्रेमाचं नाव घेऊन उडवून लावू नये. तरीही उंचीचं बंधन ढिलं करता येणार नाही. धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची आणि दोन्ही टोकांना वस्ती. चुकायला जागाच उरलेली नाही.

त्याहून मोठा धोका घारींचा. कचरा आणि मांसाचे टाकाऊ तुकडे जिथे पडतात तिथे घारी जमतात, आणि उड्डाणाच्या क्षणी इंजिनात शिरलेला एक पक्षी पुरेसा असतो. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कत्तल करायला आणि असा कचरा टाकायला १९३७ च्या विमान नियमांतच बंदी आहे.

२०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात या विमानतळाला तुकोबांचं नाव देण्याच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. आजोळाला नातवाचं नाव, यात मला आनंदच आहे. नाव लागेल तेव्हा लागो. धानोरी-लोहगावचा ओला कचरा मात्र सकाळच्या उड्डाणांआधी उचलला जायला हवा, आणि उघड्यावरच्या मांसविक्रेत्यांना महापालिकेनं बंदिस्त गाळे द्यायला हवेत.