जखमेचा पत्ता

१८८५ साली कलकत्त्यात डी. डी. कनिंगहॅम यांना ‘दिल्लीचा फोड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जखमेच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पिंड दिसले. ते परजीवी आहेत हे त्यांनी ताडले, पण जात चुकली. १८९८ मध्ये ताश्कंदला बोरोव्स्की यांनी ते एकपेशीय प्राणी असल्याचे ओळखले. १९०३ मध्ये बोस्टनला राइट यांनी आर्मेनियाहून आलेल्या बालरुग्णाच्या फोडात ते दाखवले. म्हणजे वाळूमाशीच्या चाव्यातून येणारा हा लिश्मानिया ओळखीचा होऊन शतक उलटले. तरी चेहऱ्यावरची, उंच कडांची, महिनोन्‌महिने न भरणारी जखम अजूनही कर्करोगाची वाटू शकते. माझ्या मते इथे उणीव यंत्रांची नाही, रुग्णाला ‘मागची दोन-तीन वर्षे कुठे कुठे राहिलात?’ हे न विचारण्याची आहे.

यावर म्हटले जाते की तुकडा काढून तपासला की उलगडा होतोच. नेहमी होत नाही. जखम जुनी झाली की परजीवी विरळ होतात, आणि वरची त्वचा कधी कधी इतकी बेसुमार वाढते की तपासणीतही ती स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगासारखी दिसते. चिठ्ठीवर फक्त ‘कर्करोग?’ लिहिलेले असेल, तर तपासणारा मुख्यतः तोच शोधणार. शिवाय पूर्ण तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला की त्यातून परजीवी वाढवून पाहण्याची वाट बंद होते.

दुसरा आक्षेप भूगोलाचा: ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या माणसाला हा बिकानेरकडचा आजार कुठून होणार? पण माणसे नोकरीसाठी, फौजेतल्या बदलीवर दूर जातात, आणि जखम कित्येक महिन्यांनी, घरी परतल्यावरही उमटते. नकाशाही स्थिर नाही. २००५ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या नव्या पट्ट्यातील १६१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे काळा आजाराशी जोडलेली डोनोव्हानी ही जात त्वचेवरच्या जखमांत सापडली.

सर्वांत गंभीर आक्षेप उलट दिशेचा आहे: परजीवी शोधता शोधता खरा कर्करोग निसटेल. ही भीती रास्त आहे, म्हणूनच दोन्ही शोध एकाच दिवशी व्हायला हवेत. जखमेच्या कडेचा खरवडा जिम्सा रंगाने तपासावा. तुकड्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा परजीवीच्या तपासणीसाठी वेगळा ठेवावा. खरवड्यात काही न दिसल्याने लिश्मानिया नाकारता येत नाही. तसेच परजीवी सापडूनही उपचारांनी जखम हलली नाही, तर पुन्हा तुकडा घ्यावा. जुन्या व्रणातही कर्करोग उद्भवतो.